वरनं वत

२०२५ च्या मे महिन्यात कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांना इंटरनॅशनल बुकर मिळालं त्या आठवड्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडं आली होती. बेळगावात कॉलेजला आहे ती, शाळा सगळी कन्नड मीडियमची, घरात मराठी बोलायचं आणि पुस्तक कन्नडात वाचायचं असं करणारी आमच्या घरातली पहिलीच. येताना बानूबाईंच्या कथा घेऊन आली होती आणि दुपारी सोप्यात पंख्याखाली बसून एक वाक्य कन्नडात वाचायची, मग ते मराठीत आम्हाला सांगायची. ‘ओम्मे हेण्णागु प्रभुवे’. एकदा बाई होऊन बघ, देवा. लग्न करून दिलेली एक बाई थेट देवाशीच बोलते, आईपासून तुटल्याचं सांगते, नवऱ्याचं सांगते, आणि शेवटी त्यालाच म्हणते की पुन्हा जग घडवायला बसशील ना, तर शिकाऊ कुंभारासारखं करू नकोस, आधी एकदा बाई होऊन ये.

आई शेंगा फोडत बसली होती. तिचं लक्ष आहे असं वाटत नव्हतं. ती मधेच मला म्हणाली, ‘तुझी आजी ह्येच म्हणायची की जात्यावर.’ आणि फोलपटं पदरातनं झटकत तिनं ती ओवी म्हटली, गायली नाही, नुसती बोलल्यासारखी म्हटली:

अस्तुरी जल्मा नको घालूस श्रीहरी,
रात न् दिस परायाची ताबेदारी.

भाची थांबली. मला म्हणाली, मामा, ह्या दोन्हीत फरक आहे बघ, आजी म्हणते मला बाईचा जन्म नको आणि ही म्हणते तू घे. मी पंचवीसेक वर्षं हायस्कूलला मराठी शिकवतोय, ही ओवी मी किती वेळा फळ्यावर लिहिली असेल, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या दुपारपासनं डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतोय. आमच्या भागाबद्दल कोण काय लिहायला बसलं की लोकांना पहिला सीमावाद आठवतो, १९५६, महाजन आयोग, सुप्रीम कोर्टातली २००४ पासनंची केस. ते सगळं आमच्या रोजच्या जगण्यात आहेच आणि त्याचं दुखणंही आहे. पण मला ज्या रेषेबद्दल सांगायचंय ती आमच्या घराच्या उंबऱ्यावरनं जायची आणि तिच्या दोन्ही बाजूला मराठीच बोलायचे.

आमचं गाव दूधगंगेच्या काठचं, चिक्कोडी तालुक्यातलं. घर मराठ्यांचं, पाच एकर ऊस आणि थोडी तंबाखू. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे १९८४-८५ चा सुमार. दर मंगळवारी एक जोगतीण, यल्लम्मा देवीला वाहिलेली बाई, यायची. डोक्यावर जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, हातात परडी, कपाळ भंडाऱ्यानं पिवळंजर्द, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. अंगणात आली की ‘उदं गं आई, उदं’ अशी हाळी द्यायची आणि आजी आतनं सुपात पसाभर जोंधळं घेऊन यायची. जोंधळं परडीत पडलं की जोगतीण अंगठ्यानं भंडारा घ्यायची आणि आजीच्या कपाळाला लावायची. आजी डोळे मिटून घ्यायची. त्यानंतर तिला पाणी लागायचं, कारण ती सौंदत्तीच्या रस्त्याकडनं चार-पाच गावं पायी करत आलेली असायची, आणि पाणी द्यायचं काम माझं होतं.

पाणी द्यायचं म्हणजे उंबऱ्याच्या आत उभं राहून पितळी तांब्यातनं वरनं धार धरायची, ती खाली पायरीपाशी वाकून ओंजळ करायची, ओंजळ तोंडाला लावायची. ‘वरनं वत,’ आजी आतनं सांगायची, ‘भांडं लागू देऊ नगंस.’ आणि धार जास्त झाली, नाकातोंडात पाणी गेलं की जोगतीण खालनं म्हणायची, ‘दमानं वत रं लेकरा.’ ही दोन वाक्यं माझ्या कानात कायम एका पाठोपाठ एक येतात. एक वरनं, एक खालनं, आणि मधी मी.

ती कुणाच्या घरची, कुठल्या वस्तीतली हे गावात सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी गळ्यात मुत्तू, म्हणजे देवीच्या नावाचे मणी, बांधून देवीला सोडलेली. सरकारनं १९८२ साली देवदासी सोडायला बंदी करणारा कायदा केला होता, पण आमच्या वेशीच्या आत तो कुणी उच्चारलेला मी तरी ऐकला नाही. देवीची म्हणून तिचा भंडारा कपाळाला चालायचा, तिच्या अंगठ्याचा स्पर्श आजीच्या कपाळाला चालायचा, पण तिची ओंजळ तांब्याला लागलेली चालायची नाही. त्या वयात मला हे विचित्र वाटलं असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. मला काहीच वाटलं नाही. धार बारीक कशी ठेवायची एवढंच मी शिकलो आणि त्यात हुशार झालो.

कॉलेजला निपाणीत असताना प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’ वाचली. १९३२ ची गोष्ट, तीन-चार पानांची, हिंदी सोपी. जोखू आजारी आहे, घरातलं पाणी वास मारतंय, विहिरीत जनावर मरून पडलं असणार, आणि त्याची बायको गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर चोरून पाणी आणायला जाते. मनात तिच्या धगधगतंय, हे लोक कशानं उंच, चोरी हे करतात, लबाडी हे करतात, आणि गळ्यात दोरा आहे म्हणून उंच? घडा विहिरीत सोडते, भरून वर ओढते, घडा अगदी काठापर्यंत येतो आणि ठाकुराचं दार उघडतं. हातातनं दोर सुटतो, घडा पाण्यात आदळतो, ‘कोण आहे, कोण आहे’ करत ठाकूर विहिरीकडं येतो आणि गंगी पळते. घरी येऊन बघते तर जोखू तेच घाण पाणी लोटा तोंडाला लावून पितोय.

मी ती बसमध्ये वाचली होती आणि मला रडू आलं होतं. मी पुरा गंगीच्या बाजूचा. दिवस कसे होते सांगतो, आम्ही पोरं तेव्हा बाबूराव बागूल वाचायचो, ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा संग्रह हातोहात फिरून पानं सुटी झालेला, आणि आम्हाला वाटायचं आपण हे वाचतोय म्हणजे आपण ह्याच बाजूचे. पुढं मास्तर झालो, दरवर्षी पोरांना गंगीची गोष्ट सांगत आलो, दरवर्षी घडा पडल्यावर वर्गात शांतता व्हायची.

मग कधीतरी, चाळिशी उलटल्यावर, तीच गोष्ट परत वाचताना मधला एक परिच्छेद जणू पहिल्यांदाच दिसला. गंगी विहिरीपाशी झाडाच्या अंधारात दडलीय आणि तेवढ्यात दोन बायका पाणी भरायला येतात. वरच्या घरच्या. त्या आपसात बोलतात, बाप्ये जेवायला बसले आणि हुकूम सोडला की ताजं पाणी आण, आम्ही घडीभर टेकलेलं ह्यांच्या डोळ्यांत खुपतं, आपण काय, ह्यांच्या बटक्याच की. एवढं बोलून, घडे भरून त्या जातात. गंगी सगळं ऐकते. ती काही बोलत नाही, बोलणं शक्यच नाही, बोलली तर सापडली.

एकाच विहिरीवर तिघी आहेत. दोघी म्हणतायत आम्ही गुलाम आहोत आणि ते खोटं नाही, खरंच आहेत त्या. आणि चार हातांवर अंधारात जी दडलीय तिच्या लेखी ह्या दोघी म्हणजे विहिरीच्या मालकिणी. त्या गेल्याशिवाय हिला पाणी नाही. प्रेमचंदांनी ह्यावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही, त्या येतात, बोलतात, जातात, बास. मला वाटतं आपल्याकडं बाई आणि जात ह्यावर जे काही हजारो पानं लिहून झालंय त्याचं सगळं मूळ ह्या दहा-बारा ओळींत आहे. आणि मी मास्तर म्हणून वीस वर्षं ह्या ओळी पोरांसमोर भराभर वाचून पुढं गेलो, कारण मला घडा पडायच्या ठिकाणी पोचायचं असायचं.

मग आजी आठवली.

आजी अकराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि पंचविशी गाठायच्या आत विधवा झाली. पदरात दोन पोरं. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, हळदी-कुंकवाला कुणी बोलवत नसे, पोराच्या लग्नात ती मांडवात पुढं आली नाही. एक गोष्ट मी रोज बघायचो, वडील सकाळी बाजाराला निघाले की आजी आपसूक माजघराच्या दाराआड व्हायची. जाणाऱ्याला विधवेचं तोंड दिसू नये म्हणून. कुणी तिला सांगत नसे. स्वतःच्या पोराला आपलं तोंड लागू नये म्हणून ती स्वतःच आड व्हायची, आणि वडील वेशीबाहेर गेले असतील एवढा वेळ झाल्यावर बाहेर यायची.

म्हणजे ती दाराआड व्हायची ते सकाळी, आणि दुपारी त्याच दारात मला सांगायची, वरनं वत.

बाबासाहेबांनी १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी जातींवर जो निबंध वाचला त्यात हे गणित मांडलेलं आहे. जात टिकवायची तर लग्न जातीतच पाहिजे, ते साधायचं तर बायका-पुरुषांची संख्या जुळती पाहिजे, मग नवरा मेला की मागं राहिलेली बाई ‘जास्तीची’ ठरते, तिचं करायचं काय? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य, आणि तिकडं विधुर पुरुषाला बायको मिळावी म्हणून लहान पोरी. मी हे वाचलं तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं पांढरं कपाळ आणि माझ्या हातातला तांब्या ह्या दोन गोष्टी मी आयुष्यभर वेगवेगळ्या कप्प्यात ठेवल्या होत्या, एक आजीचं दुःख म्हणून आणि एक गावची रीत म्हणून. त्या निबंधानं दोन्ही एकाच दोरीला बांधलेल्या दाखवल्या. आजी ज्या कुंपणात अडकली होती त्याचीच राखण ती करत होती, आणि तिला वाटायचं घरात हेच एक काम असं आहे ज्यात आपलं चालतं. मला तिचा राग येत नाही. पण तिला माफ करायचा अधिकारही माझ्याकडं नाही, तो जोगतिणीकडं होता.

हेही सांगायला पाहिजे की हे सगळं कुठं दूर घडत नव्हतं. १९२५ साली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन निपाणीत भरलं, बाबासाहेब स्वतः आले होते. आमच्या गावापासनं बैलगाडीची वाट. त्याच्या आधी चारच महिने, १९२४ च्या डिसेंबरात, बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं एकमेव, आणि तेवढ्या माणसांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली, अजून आहे ती, काँग्रेस विहीर म्हणतात. भाचीचं कॉलेज तिकडंच, ती रोज तिच्यावरनं जाते. पुढं दोन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडचं चवदार तळं. माणसं हजारोंनी, दिवसाउजेडी तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं असं नेसा की त्यावरनं तुमची जात कुणाला ओळखता येऊ नये. हे सगळं होऊन पाच वर्षं झाल्यावर प्रेमचंदांची गंगी अंधारात, एकटी, चोरून विहिरीवर जाते. पूर्वी मला वाटायचं गोष्ट मागं पडली, चळवळ पुढं गेली. आता वाटतं गोष्ट खरं सांगत होती. आमच्या उंबऱ्यावर १९८५ सालीही ना चवदार तळं पोचलं होतं ना निपाणीची परिषद.

कन्नडातली एक गोष्ट मी आधी पडद्यावर पाहिली आणि मग कष्टानं वाचली, यू. आर. अनंतमूर्तींची ‘घटश्राद्ध’. गिरीश कासरवल्लींनी १९७७ ला तिच्यावर सिनेमा केला. मलनाडातलं अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची वस्ती, वेद शिकायला आलेला नाणी नावाचा लहान पोरगा, आणि गुरुजींची तरुण विधवा मुलगी यमुना. यमुनेला दिवस जातात. पुढं जे होतं ते नाणी बघतो, त्याला अर्धं कळतं, अर्धं नाही. शेवटी ती जिवंत असताना तिचं श्राद्ध घालतात. मातीचा घट फोडतात, घट फुटला की ही आमच्यासाठी मेली. ब्राह्मणाघरची लेक, तिला पाण्याची काय कमी असणार, पण तिला जातीबाहेर काढायला हत्यार लागलं ते पाण्याचं मडकंच.

आणि आमची यल्लम्मा. रेणुकेची गोष्ट आमच्याकडं दुधासोबत पाजतात. ती रोज मलप्रभेवर जायची, वाळूचा घडा करायची, नागाची चुंबळ करायची आणि त्यातनं जमदग्नीला पाणी आणायची, पातिव्रत्याच्या बळावर. एक दिवस नदीत जलक्रीडा करणारा गंधर्व दिसला, मन घडीभर हललं, आणि घडा काही बनेना. तेवढ्यावर बापानं सांगितलं आणि पोरानं आईचं मुंडकं उडवलं. हिचा पुढचा भाग मी किर्तनात कधी ऐकला नाही, तो दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी सांगतात: रेणुका जीव वाचवायला एका मातंगिणीच्या घरात शिरली, परशुरामानं दोघींची डोकी उडवली, आणि पुन्हा जिवंत करताना घाईत डोकी बदलली. एकीचं शिर दुसरीच्या धडावर. म्हणजे आपण कपाळाला जिचा भंडारा लावतो तिचं डोकं कुठलं आणि धड कुठलं हे विचारायची सोयच राहिली नाही. कथाकारानं जन्मभर डोकं खाजवलं तरी बाई आणि जात ह्यांची गाठ ह्याहून घट्ट मारता येणार नाही. आणि ही गोष्ट सांगत सांगत दारोदार फिरणाऱ्या बाईला पाणी वरनं.

मार्गशीर्षात रांडाव पुनव येते. त्या दिवशी देवी विधवा होते, सौंदत्तीच्या डोंगरावर बांगड्या फोडतात, जोगतिणीही फोडतात. पुढं अहेव पुनवेला तिला परत चुडा भरतात, परत कुंकू. आजीनं एकदा, चुलीपुढं, माझ्याकडं न बघता म्हटलेलं आठवतं, ‘तिचं बरं हाय, तिचं परत भरत्यात.’ आजीला अहेव पुनव कधी आली नाही. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की आमच्या गावात विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. हेरवाड आमच्यापासनं लांब नाही, नदी ओलांडली की तिकडचाच भाग. बातमी आली तेव्हा मी आईला पेपर वाचून दाखवला. आई बराच वेळ गप्प बसून म्हणाली, सासूबाईंना ऐकवायला पायजे होतं.

ह्या भागानं मराठी कथेला माणसं दिलीत. जी. ए. कुलकर्णी एकसंब्याचे, १९२३ चा जन्म, आमच्याच तालुक्यातले, पुढं आयुष्य धारवाडला काढलं. कमल देसाई यमकनमर्डीच्या, १९२८ च्या. बेळगावला जाताना हायवेवर यमकनमर्डीची पाटी दिसली की मी अजूनही मान वळवून बघतो. कमलताईंच्या बायका वाचल्या तेव्हा मला घाबरायला झालं होतं, इतक्या एकट्या आणि इतक्या आपल्या डोक्यानं चालणाऱ्या. ‘तिळा बंद’ हे नुसतं नाव घ्या, आपण लहानपणी ‘तिळा उघड’ म्हणून गुहा उघडणारी गोष्ट ऐकलेली असते आणि इथं बाई दार लावून घेतीय. जी. एं.ची ‘कैरी’, त्यातली तानीमावशी, सुखाचा एक घास न मिळालेली आणि तरी आणलेल्या पोराला सगळं देऊ बघणारी, ती मी कितीदा वाचली असेल ह्याला गणती नाही.

पण एक बोलतो, जी. एं.वर जीव असूनसुद्धा. त्यांच्या कथेत दुःख आभाळातनं पडल्यासारखं येतं, त्याला ते नियती म्हणतात आणि वाचताना आपणही मान डोलवतो. आमच्या गावात मला नियती कुठं दिसली नाही. मला तांब्या धरलेला हात दिसला आणि तो माझा होता. जोगतिणीची तहान कुणी आभाळातनं ठरवली नव्हती, ती आमच्या घरात, रोज, आजीच्या तोंडून आणि माझ्या हातून ठरत होती. म्हणून निपाणीचे महादेव मोरे मला जवळचे वाटतात. पिठाची गिरणी चालवली त्यांनी, त्याआधी गॅरेजात कामं केली, टॅक्सी चालवली, आणि निपाणीच्या कष्टाच्या माणसांची, अंगाला तंबाखूचा वास येणाऱ्या बायाबापड्यांची मराठी लिहिली. २०२४ ला गेले. मोठ्या शहरांत त्यांचं नाव जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

ह्या गोष्टींत एक बघणारं पोर पुन्हा पुन्हा येतं हेही मला उशिरानं कळलं. ‘घटश्राद्ध’मधला नाणी. बागूलांच्या ‘आई’मधला शाळकरी पोरगा, ज्याच्या वर्गात आईवरची कविता चाललीय आणि बाकीची पोरं त्याच्या विधवा आईवरनं त्याला टोचतायत, आणि शेवटी तो तिचं काही न ऐकता पळत सुटतो. उर्मिला पवारांच्या ‘कवच’मधला मुलगा, आई बाजारात आंबे विकते, गिऱ्हाइकं तिच्याशी वाकडं बोलतात आणि तो शरमेनं मरतो. फरक एवढाच की उर्मिलाताईंच्या गोष्टीतली आई गप्प बसत नाही, ती जिथल्या तिथं उत्तर देते, आणि मुलाला वाटत असतं तशी ती उघडी पडलेली नसते. हे एका बाईनं लिहिलं म्हणून तसं झालं असं मला ठामपणे वाटतं. पुरुषांच्या गोष्टींत पोरगा बघतो आणि बाई सोसते. बाईच्या गोष्टीत पोरगा बघतो आणि चुकीचं बघतो.

मी काय बघितलं आणि काय चुकीचं बघितलं ह्याचा विचार करताना महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ आठवते. १९७८ च्या सुमाराची गोष्ट, संथाळ बाई दोपदी मेझेन, नक्षलवादी म्हणून पकडलेली. सेनानायकाच्या हुकमानं रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात आणि सकाळी शिपाई तिच्यापुढं पाण्याचं भांडं सरकवतो, कपडा देतो, चल, साहेबांनी बोलावलंय. दोपदी ते पाणी जमिनीवर ओतून देते. कपडा दातांनी फाडते. आणि तशीच सेनानायकापुढं जाऊन उभी राहते, आणि त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटते. सगळे त्या शेवटच्या उभं राहण्याबद्दल बोलतात, लिहितात. मी त्या सांडलेल्या पाण्यापाशी थांबतो. तहानेनं कोरड पडलेली बाई दिलेलं पाणी ओतून देते. त्यांनी दिलेलं पाणी नको, एवढं एक तिच्या हातात उरलेलं होतं.

हे वाचलं आणि मग मला आमच्या दारातला तो मंगळवार आठवला, इतकी वर्षं तो मी कुणाला सांगितला नव्हता. भाचीला त्या दुपारी सांगितला, आईसमोर.

उन्हाळा होता, नदीचं पात्र आटलेलं. जोगतीण आली, जोंधळं झालं, भंडारा झाला, मी तांब्या घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. माझं लक्ष तिच्या जगाकडं होतं, त्यातल्या देवीला नवा चांदीचा डोळा लावलेला होता, आणि बघता बघता हात खाली गेला, तांब्याचा काठ तिच्या बोटांना लागला. ठण्ण करून तिच्या चुड्यावर वाजला. तिनं झटकन हात मागं घेतले, पाणी पायरीवर सांडलं. आजी आतनं आली. ती ओरडली नाही. माझ्या हातातनं तांब्या घेतला, त्याच अंगणात, तिच्यासमोर, चुलीतली राख आणून तो घासला, मग निखाऱ्यावर पालथा धरला, पितळ काळं पडेपर्यंत. जोगतीण पायरीपाशी उभी राहून बघत होती. तिची तहान भागली नव्हती आणि ती तशीच उभी होती. आजीच्या कपाळाला तिच्याच अंगठ्याचा भंडारा ओला होता अजून.

मग ती गेली. पुढच्या मंगळवारी येणार नाही असं मला वाटलं होतं.

ती आली. हाळी दिली, परडी पुढं केली, भंडारा लावला, आजीनं डोळे मिटले, सगळं नेहमीसारखं. मी तांब्या घेऊन उभा राहिलो तेव्हा तिनं ओंजळ केली नाही. पदराआडनं एक जर्मनचं भांडं काढलं, पोचे आलेलं, काठ वाकलेला, आणि पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहिली. काही बोलली नाही. मी वरनं पाणी ओतलं. ओंजळीत धार पडायची तेव्हा कसला आवाज नसायचा, आणि आता जर्मनच्या भांड्यात ती अशी वाजायला लागली की शेजारची बाई कट्ट्यावरनं वळून बघायला लागली. ‘काय झालं रं?’ आजीनं आतनं विचारलं. मी म्हटलं, काय नाही, पाणी देतोय. भांडं भरलं. तिनं ते उचललं, तिथं प्याली नाही, तसंच भरलेलं घेऊन अंगण ओलांडून आमच्या आंब्याच्या पलीकडं गेली, आमच्याकडं पाठ करून बसली आणि भांडं तोंडाला लावून, दमानं, सगळं पाणी प्याली.